विहीणबाईंना फोन

चौतीस वर्षं मी पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. त्यामुळे कोण कुणाला फोन करतं आणि कोण करत नाही, हे माझ्या आपोआप लक्षात येतं. माझा मुलगा अंबरीश याला भोचकपणा म्हणतो. म्हणू दे.

२०२०च्या फेब्रुवारीत मी दोन महिन्यांसाठी त्याच्याकडे हॉलंडमध्ये, आर्नहेमला आले आणि करोनामुळे विमानंच बंद झाली. जुलै उजाडला तरी मी इथेच. अंबरीशचे बाबा पुण्यात एकटे, जेवणाचा डबा धाकट्या दिरांकडून. इथे अंबरीश वरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन, सून सिल्वी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन, आणि मी आवाज न करता कुकर लावायच्या खटपटीत. सिल्वी मूळची फ्रान्सची, बारा वर्षं हॉलंडात आहे. मराठी ती अंबरीशकडूनच शिकली, म्हणून त्याच्यासारखीच मला "आई, तू" म्हणते. मला ते आवडतं.

तर या पाच महिन्यांत तिने आपल्या आईला एकदाही फोन केला नव्हता. बहिणीशी बोलायची, मैत्रिणींशी बोलायची, सायकल दुरुस्त करणाऱ्याशी वीस-वीस मिनिटं बोलायची. आईशी मात्र नाही. वडील चार वर्षांपूर्वी गेलेले, म्हणजे आई एकटी. मग तर रोज बोलायला हवं! मला राहून राहून नवल वाटे.

सरहद्दी उघडल्यावर एक दिवस ती म्हणाली, "शनिवारी मी फ्रान्सला जाते. तीन आठवडे."

"माहेरी!" मलाच आनंद झाला. "आई खूश होतील तुझी."

ती भांडी पुसत राहिली. "आईला सोबतीला कोंबड्या आहेत," एवढंच म्हणाली.

आता हे काय उत्तर झालं? अंबरीशला खोदून विचारलं, तर तो म्हणाला, "आई, त्या टॉपिकमध्ये तू पडू नकोस, प्लीज." असं कुणी सांगितलं की मला चैन पडत नाही.

पण सून माहेरी निघाली आहे म्हटल्यावर रिकाम्या हाताने कशी पाठवायची? तुर्की दुकानातून बेसन आणून मी पंचवीस लाडू वळले. "विहीणबाईंसाठी," म्हणून डबा तिच्या हातात दिला. ती डब्याकडे बघतच राहिली. मग तिने तो बॅगेच्या तळाशी ठेवला.

शुक्रवारी दुपारी मी दुसरी रीत पाळली. सून निघाली की तिच्या माहेरी कळवायचं असतं. माझ्या सासूबाई न चुकता कळवायच्या. लग्नाच्या वेळी विहीणबाई पुण्याला आल्या होत्या तेव्हा त्यांचा नंबर मी डायरीत लिहून घेतला होता. तो फिरवला.

"मी सिल्वीची सासू, आर्नहेमहून," मी माझ्या इंग्रजीत म्हटलं. "सिल्वी इज कमिंग. सॅटर्डे."

पलीकडून बारीक आवाज आला, "धिस सॅटर्डे?"

"येस, टुमॉरो!"

त्यानंतर त्या फ्रेंचमध्ये एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. वाक्य मला कळलं नाही, पण त्या रडत होत्या.

मी फोन ठेवला. आपण काहीतरी भलतंच करून बसलोय एवढं कळलं. तशीच सिल्वीच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं.

ती पलंगावर बसली. "आई, मी बहिणीकडे चाललेय. आईकडे जायचं की नाही, ते मी ठरवलं नव्हतं." तिचा आवाज चढला. "आता ती वाट बघणार. का केलंस तू हे?"

"आमच्यात कळवतात गं," मी म्हटलं. मलाच ते लंगडं वाटलं.

मग एकेक बाहेर आलं. वडील तीन महिने हॉस्पिटलमध्ये होते. सिल्वी लांब आहे, तिला उगाच काळजी नको, म्हणून आईने सगळ्यांना गप्प बसवलं. हिला कळलं ते वडील गेल्यावरच. "मी बाबांना बाय पण म्हटलं नाही," ती म्हणाली. "तिने परस्पर ठरवून टाकलं."

मी खाली बघत होते. तिने विचारलं, "तू असं केलं असतंस? अंबरीशला?"

खोटं अगदी जिभेवर आलं होतं. पण जिचा प्रवास मी असा उलटापालटा करून ठेवला, तिच्या तोंडावर ते बोलवेना.

"केलंय," मी म्हटलं. "दोन वर्षांपूर्वी. त्याच्या बाबांना हार्ट अटॅक येऊन गेला. दोन स्टेंट घातलेत. अंबरीशची नोकरी नवीन होती, म्हटलं कशाला त्याच्या जिवाला घोर."

"त्याला अजून माहीत नाही?"

"नाही." रोज व्हिडिओ कॉलवर तो बाबांना म्हणतो, टेकडीवर चढत जा, आणि आम्ही नवरा-बायको दोन देशांत बसून माना डोलावतो. हेही मी तिला सांगितलं. तिथे तो माणूस एकटा आहे आणि मी इथे अडकलेय. पाच महिने मी मनातून मरत होते, आणि हे बोलायला मला कुणी नव्हतं.

मला वाटलं सिल्वी ओरडेल. ती ओरडली नाही. तिने हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले.

"उद्या मी आईकडे जाते," ती म्हणाली. "पण तू आज सांग. मी निघायच्या आधी."

"आजच? आधी बाबांना विचारते, मग सावकाश..."

"माझी आईपण हेच म्हणाली असती." तिने दार उघडलं आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "अंबरीश!"

तो गळ्यात हेडफोन अडकवून खाली आला. मीटिंग अर्धवट सोडल्यामुळे वैतागलेला होता. "काय झालं? दोघी अशा का बसलाय?"

"बस जरा," मी म्हटलं. "बाबांबद्दल सांगायचंय."

तो बसला नाही. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सिल्वीच्या रडलेल्या डोळ्यांकडे, आणि दाराची चौकट घट्ट धरली.

"आई," तो म्हणाला, "बाबा आहेत ना?"