चार नंबरच्या बेडची तबकडी

मी भिंतीवरून, काचेच्या आतून बोलतेय, तेव्हा जरा जवळ या. दिसायला मी घड्याळासारखी, पण वेळ विचाराल तर सांगता यायची नाही. मला काटा एकच आणि घरं तीनच: डावी कूस, उजवी कूस, पाठ.

हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यातून मला कापलं ते थोरल्या सिस्टरनं. वॉर्डात अडतीस पेशंट आणि पाळीला तीन सिस्टर. ज्यांना स्वतःहून वळता येत नाही त्यांना दर दोन तासांनी वळवायचं, नाहीतर पाठीला जखम होते. कोणाला कधी वळवलं हे लक्षात ठेवताना बिचाऱ्यांच्या नाकी नऊ यायचे. म्हणून मला चार नंबरच्या बेडला अडकवलं. मग माझ्यासारख्या आणखी अकरा झाल्या. पुढं वॉर्डाचा शिरस्ताच पडला, बेडला तबकडी असेल तर वळवायचं, नसेल तर तो माणूस आपला आपण वळतो.

चार नंबरला शिंपीकाका होते. कमरेखाली कसलीच जाणीव नाही, जीभ मात्र कात्रीसारखी. सिस्टर वळवायला आल्या की म्हणायचे, "उलटून काय बघता? आतल्या बाजूनंही कापड विटलेलंच आहे."

"विटू दे. फाटू द्यायचं नाही," असं म्हणत थोरली माझा काटा सरकवायची.

वर्षभर त्या बायकांनी जिवाचं रान केलं. उभ्या उभ्या जेवल्या, स्वतःच्या कमरेला पट्टे बांधून दुसऱ्यांना वळवत राहिल्या. वर्ष संपलं तेव्हा एकाही पेशंटच्या पाठीला जखम नव्हती. खरं सांगते, मला फार अभिमान वाटला. काकांची मुलगी तर त्यांना सोमवारी घरी न्यायला येणार होती. तळमजल्यावरची खोली तिनं रिकामी करून ठेवली होती.

शनिवारी दुपारी सत्कार ठरला. फोटोत सगळ्या हव्यात म्हणून वॉर्डावर दुसऱ्या मजल्यावरची एकच सिस्टर बसवली. थोरली पुढं गेली होती. निघता निघता धाकटी सिस्टर म्हणाली, "पहिली तबकडी हीच ना? साहेबांना दाखवू या." आणि तिनं मला काढलं.

हॉलमध्ये मी माइकशेजारी होते. साहेबांनी गंमत म्हणून माझा काटा गरागरा फिरवला, लोक हसले. मग पुढच्या वर्षाची ध्येयं वाचली गेली. पहिलंच होतं, सहा पेशंटमागे एक सिस्टर. थोरली शेजारणीला हळूच म्हणाली, "कागद तोच आहे, साल तेवढं बदललंय." भाषणं लांबतच गेली.

तिकडं ती बदली सिस्टर एकटी धावत होती. तबकड्या बघून तिनं अकरा जणांना वेळेवर वळवलं. तिचं काही चुकलं नाही. चार नंबरला तबकडीच नव्हती.

सहा वाजता मला घेऊन सगळ्या वॉर्डात परतल्या. थोरलीनं काकांना कुशीवर घेतलं. माकडहाडावर काळसर डाग उठला होता.

"हाक का नाही मारलीत, काका?"

"मला खालचं कुठं कळतंय? उशीर झाल्यासारखं वाटलं खरं. पण म्हटलं, आज तुमचा दिवस आहे."

सोमवारी मुलगी आली आणि एकटीच परत गेली. जखम हाडापर्यंत पोचली. दीड महिन्यानं काका गेले. थोरलीनं नोंदवहीत जखम लिहिली, कारणही लिहिलं, साहेबांनी खाली सही केली. वॉर्डावर अजून तीनच सिस्टर आहेत.

मला मात्र चौकटीत घालून दर्शनी भिंतीवर लावलंय. खाली सोनेरी अक्षरांत 'आमची अभिमानाची कामगिरी'. काटा हलू नये म्हणून उजव्या कुशीवर चिकटवून टाकलाय. मला उतरवून कोणी पुन्हा बेडला लावेल, ही आशा मी सोडली आहे. एकच मागते. पुढच्या वर्षी सत्कार केलात तर टाळ्या वाजवायला तुम्हीच वॉर्डात या, त्यांना तिथून हलवू नका. ऐकेल कोणी, असं वाटत नाही.

थोरली रोज पाळीवर येताना माझ्यापुढं थांबते. सवयीनं तिचा हात काट्याकडं येतो आणि बोटं काचेवर टेकतात.