फरशीला जखडलेली डुलती खुर्ची

मी एक जुनी, बुटकी, लाकडी खुर्ची आहे. जुनी म्हटलं म्हणून कीव करू नका. माझा एकही सांधा अजून खिळखिळा झालेला नाही. पण मित्रांनो, मला हलता येत नाही. वर्गातल्या खिडकीशेजारी मला फरशीला स्क्रूंनी ठोकून बसवलंय. तुम्ही म्हणाल, खुर्चीला कशाला हलायचंय? अहो, मी हलण्यासाठीच जन्मले होते!

या वर्गाच्या थोरल्या बाईंनी मला बनवून घेतलं. माझ्या पायांखाली कमानदार पट्ट्या लावा, बसणाऱ्याला जरासं मागे-पुढे डुलता आलं पाहिजे, असं त्यांनी सांगितलं तेव्हा सुतारानं कपाळावर हात मारला. "बाई, आयुष्य गेलं माझं डुगडुगणाऱ्या खुर्च्या सरळ करण्यात. आता सरळ खुर्ची मुद्दाम डुगडुगती करू? लोक हसतील मला."

"हसू देत. पोरगी शिकली म्हणजे झालं," बाई म्हणाल्या.

ती पोरगी म्हणजे भिंगरी. खरं नाव हजेरीपुरतं, बाकी सगळे तिला भिंगरीच म्हणत. एका जागी बसवलं की तिच्या पायांत वारं शिरायचं आणि समोरचं अक्षरसुद्धा दिसेनासं व्हायचं. माझ्यावर बसून ती हलकेच डुलू लागली आणि काय सांगू, महिनाभरात धडे वाचू लागली! माझ्या तर अंगावर मूठभर मांस चढलं.

बाईंनी कासवालाही माझ्यावर बसवून पाहिलं होतं. कासव म्हणजे वर्गातला सगळ्यांत संथ मुलगा. त्याला गरगरलं, तो रडकुंडीला आला. मग बाईंनी त्याला कपाटाआडच्या शांत कोपऱ्यात सतरंजी दिली. आणखी एकाला टाळ्या वाजवल्याशिवाय पाढे येत नसत, त्याला टाळ्या वाजवू दिल्या. सगळे घोडे बारा टक्के हा हिशोब त्यांच्या वर्गात नव्हता.

पुढे थोरल्या बाई निवृत्त झाल्या आणि नव्या बाई आल्या. त्या वाईट नव्हत्या हं. पण वर्ग मोठा, गलका मोठा, त्यात माझी करकर. एकदा तर एका मुलाचा अंगठा माझ्या पट्टीखाली चेंगरला. झालं! बाईंनी शिपाईकाकांना बोलावलं. काकांनी पट्ट्यांखाली पाचरी सारल्या आणि लांबलचक स्क्रू थेट फरशीत पिळले.

"आता बघा बाई, हत्ती बसला तरी हलायची नाही," काका खुशीत म्हणाले.

मित्रांनो, तो स्क्रू शेवटचा वेढा घेत होता तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. भिंगरी दुसऱ्या दिवशी आली, बसली, नेहमीसारखी मागे रेलली आणि दचकली. तिनं पुन्हा जोर लावला. मीही लावला. आम्ही दोघी अडकलो होतो.

त्या दिवसापासून तिचं वाचन मागे पडत गेलं. ती उठली की बाई "जागेवर!" म्हणत. तिची आई कारखान्यात शिवणकाम करायची. ती सुट्टी टाकून भेटायला आली. "घरी ती पलंगावरून उलटी लोंबकळून वाचते हो, बाई."

"घरचं घरी. इथे बसायची सवय लागलीच पाहिजे," बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी तर निर्वाणीचं सांगितलं. ते स्वतः वाचन तपासणार. भिंगरीला जमलं नाही, तर तिला व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत बसवायचं. त्या खोलीत मुलं दिवसभर चित्रं रंगवत. एकदा तिथे गेलेलं मूल वर्गात परत आलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

तो दिवस उजाडला. सरांनी सगळ्यांना मनातल्या मनात एक गोष्ट वाचायला दिली. भिंगरीनं माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. सगळा वेळ ती तसूभरही हलली नाही.

"अरे वा! किती छान बसलीस! आता सांग, गोष्टीत कोण कोण होतं?"

भिंगरीनं पुन्हा गोष्टीच्या पानाकडे पाहिलं.

"वाचलीस ना?"

"नाही, सर."

"मग इतका वेळ करत काय होतीस?"

"बसत होते, सर."

वर्ग खो खो हसला. नव्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पार उतरला. "सर, मला उद्याचा एक दिवस द्या," त्या म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर त्या स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माझ्यापाशी गुडघ्यांवर बसल्या. शिपाईकाकांनीही जोर लावून पाहिला. पण रोजच्या ओल्या फडक्यानं स्क्रू गंजले होते, त्यांची डोकी झिजून गेली होती. "आता फरशी फोडावी लागेल," काका म्हणाले. फरशी फोडायला कोण परवानगी देणार? मी आशा लावून बसले होते. काका हत्यारं गोळा करून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बाक भिंतीकडे सरकवले आणि भिंगरीच्या हातात नवी गोष्ट दिली. "चालत वाच."

ती खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत वाचत फिरली. सुरुवातीला अडखळली, मग सुसाट सुटली. गोष्टीतल्या म्हातारीचं चुकलंच, असंही वर ठणकावून सांगितलं.

"पण ही बसलीच नाही," सर म्हणाले.

"नाही बसली. आणि ती टोकाच्या खोलीतही बसणार नाही," बाई म्हणाल्या. सरांनी मान डोलावली.

त्या दिवशी मी आनंदानं डुलले असते हो! आता माझ्यावर मुलं दप्तरं ठेवतात. भिंगरी जाता-येता माझ्या पाठीवरून हात फिरवते, थांबत मात्र नाही. थांबूही नये तिनं.

मित्रांनो, माझी सुटका होईल असं मला वाटत नाही. पण तुमच्या वर्गात कुणी चुळबुळत असेल, कुणी कोपरा शोधत असेल, तर 'सरळ बस' म्हणण्याआधी त्याला एवढंच विचारा, 'तुला कसं जमेल?' मला ठोकताना कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला तोंड नव्हतं. त्याला आहे.