केसरआजीच्या खुंटीवरची बाटली

मी एक पाण्याची बाटली. अर्ध्या लिटरची, पातळ प्लास्टिकची. माझ्यासारखीला तुम्ही पाणी पिऊन झालं की खिडकीतून भिरकावून देता, आणि त्यात तुमचा फार दोष आहे असंही नाही. आमचं आयुष्यच तेवढं असतं. माझं मात्र लांबलं.

केजच्या बसस्टँडवर डॉक्टर धनश्रींनी मला विकत घेतलं. मूळच्या घाटनांदूरच्या, लहान मुलांच्या डॉक्टर. पाणी संपल्यावर त्यांनी मला फेकलं नाही, पर्समध्ये ठेवलं. केजमधल्या आपल्या दवाखान्यात नेऊन साबणाच्या पाण्यानं धुतलं, वाळवलं आणि तापवलेल्या सळईनं माझ्या बुडाला एक भोक पाडलं. मला वाटलं, संपलं आता. पण त्यांनी त्या भोकात दम्याच्या पंपाचं तोंड बसवून पाहिलं, चहूबाजूंनी चिकटपट्टी लावली आणि म्हणाल्या, "घट्ट बसलं."

दम्याच्या पोरांना पंप थेट तोंडात धरून ओढता येत नाही. औषध जिभेवर नाहीतर घशातच बसतं. मध्ये एखादी पोकळ नळी असली की औषधाचा फवारा तिच्यात थांबतो आणि पोर सावकाश श्वासाबरोबर तो आत घेतं. अशी नळी कंपनीची मिळते. साध्या बाटलीनं तेच काम तितकंच चांगलं होतं का, हे आमच्या भागातल्या मुलांवर पाहावं, असा डॉक्टरांचा अभ्यास होता. निम्म्या मुलांना कंपनीची नळी, निम्म्यांना बाटली. कुणाला काय, ते चिठ्ठी टाकून ठरायचं.

स्वप्नालीच्या नशिबात मी आले.

सहा वर्षांची पोरगी. बाप शहादेव मेंढरं राखायचा, आईही त्याच्याबरोबर रानात. घरी ती आणि आजी. शहादेवनं मला हातात घेऊन उलटंपालटं केलं. शेजारच्या बाकावरच्या पोराला खोक्यातली नवीकोरी नळी मिळाली होती.

"म्याडम, आमाला कावून ही?" तो म्हणाला. "गरिबाला कायबी चालतं म्हनून?"

डॉक्टर रागावल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून बसल्या. "शहादेवभाऊ, औषध दोघांनाही तेच आहे. श्वासनळीला आतून पेशींचं नाजूक अस्तर असतं. चुलीचा धूर, धूळ यांनी त्याला इजा होते. ते सुजतं आणि वाट अरुंद होते. रोजचा पंप ती सूज उतरवतो, अन् दम लागला की दुसरा पंप वाट मोकळी करतो. कशातून दिलं तर जास्त पोचतं, ते मला ठाऊक नाही. म्हणून तर बघतोय. तुम्हाला नको वाटलं तर कधीही नाही म्हणा, उपचार थांबणार नाहीत."

 त्यानं मला पिशवीत टाकलं, पण मन नव्हतं त्याचं.

घरी केसरआजीचं वेगळंच. ती सकाळ-संध्याकाळ नातीला औषध द्यायची, पण दार लोटून. कुणी आलं की मी पिठाच्या डब्यामागं. "पंप एकदा लागला की सुटत न्हाई म्हंत्यात," ती सुनेला हळूच सांगायची. "उद्या पोरीच्या लग्नात कुनी बोलाया नगं." धुतल्यावर मला पुसायचं नाही, तसंच वाळू द्यायचं, पुसलं की औषध आतच चिकटून बसतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आजी सवयीनं पदरानं पुसायला जायची आणि स्वप्नाली तिचा हात धरायची.

माघात शेजाऱ्यांकडे कडब्याची कुट्टी चालू होती. मशीनमधून भुसा नुसता उधळत होता. स्वप्नाली पाहत उभी राहिली आणि दुपारी घरी आली ती छाती धरूनच. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. बोलायला गेली तर शब्द फुटेना.

आजीनं डब्यामागून मला ओढलं.  दम लागल्यावरचा पंप बसवला, दाबायला गेली, तर स्वप्नालीनं मान हलवली आणि मूठ वरखाली करून दाखवली. पंप आधी हलवायचा असतो, ते आजी विसरली होती.

तोवर दारात बायका जमल्या. "केसरमावशे, त्यो पंप नगं," एकजण म्हणाली. "सवय लागंल."

"लागू दे सवय," आजी मागं न बघता म्हणाली. "आदी पोरगी तर ऱ्हाऊ दे."

तिनं दाबलं. माझ्या पोटात पांढुरकं धुकं भरलं. स्वप्नालीनं माझं तोंड ओठांत धरलं, आणि ते धुकं हळूहळू तिच्याकडे गेलं. पुन्हा दाबलं. पुन्हा. मी रिकामी होत होते, भरत होते. शेजाऱ्यांनी बोलावलेली जीप येईपर्यंत आणि जीपमध्येही, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं आजी थांबून थांबून देत राहिली. केजच्या वेशीवर पोरगी पहिला शब्द बोलली, "पानी."

दवाखान्यात थोडा वेळ ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाल्या, "वाटेत औषध दिलंत, म्हणून आम्हाला वेळ मिळाला."

शहादेव रानातून धावत आला. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून त्यानं विचारलं, "कंपनीची नळी असती तर ह्ये झालंच नसतं का?"

"अभ्यास पुरा झाल्याशिवाय मी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण बदलायची असेल तर आत्ता देते."

मी श्वास घेत नाही. घेत असते तर तेव्हा रोखला असता.

"न्हाई बदलायची," केसरआजी म्हणाली. "हिच्यातनं औषद पोरीच्या छातीत जाताना म्या माझ्या डोळ्यानं पाह्यलंय."

पुढच्या हिवाळ्यानंतर डॉक्टरांनी सगळ्या आईबापांना दवाखान्यात बोलावलं. शहादेव सर्वांत मागं उभा होता. "दोन्हीकडची मुलं सारखीच सुधारली," डॉक्टर म्हणाल्या. "अटॅक दोन्हीकडे सारखेच कमी झाले. आपली बाटली कमी पडली नाही." शहादेव खाली बसला आणि टोपी काढून त्यानं तोंड पुसलं. "लई बरं झालं," एवढंच म्हणाला. मनात इतके दिवस काय घेऊन तो मेंढरांमागं हिंडत होता, ते मला त्या वेळी कळलं.

आता मी धुरकट झालेय, बुडाशी चीर गेलीय. रोजच्या औषधाला नवी बाटली आलीय. मला आजीनं दाराशेजारच्या खुंटीला टांगलंय, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. कुणी विचारलं की ती दम्याचं सगळं सांगत बसते. चूल अंगणात गेलीय. दम लागल्यावरचा पंप महिनोन्महिने लागत नाही. मला रिकामं राहण्याची हौस नव्हती, पण हे रिकामपण मला मानवलंय.

तुमच्या घरात एखादं लेकरू शिट्टी वाजल्यासारखा श्वास घेत असेल, तर त्याचं औषध डब्यामागं ठेवू नका, एवढंच मागणं.

काल दिवस कलताना मेंढरं माळावर पांगली होती. स्वप्नालीनं बांधावर उभं राहून त्यांना हाळी दिली. लांबलचक, मध्ये कुठंही न तुटलेली. केसरआजी चुलीपुढून म्हणाली, "हळू गं, घसा बसंल."