चारशे बारा हिरव्या खुणा

"मालविकाताई, इथं फक्त सही करा," म्हणत टीमप्रमुख निमिषनं कागद पुढं सरकवला.

'हाताने केलेल्या चाचणीत हा दोष नजरेतून सुटला.' हाताने म्हणजे मालविकाच्या. सिगरा भागातल्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत हाताने ॲप तपासणारी आता ती एकटीच उरली होती. बाकी सगळं मशीनवर गेलं होतं.

"सुटला? तीन आठवड्यांपूर्वी मी लेखी दिलाय."

ॲप एका इस्पितळाचं होतं. डायलिसिसचा नंबर घरबसल्या लावायचा. मालविकानं ते रामघाटाच्या गल्लीत, स्वतःच्या जुन्या फोनवर तपासलं. बटण दाबताना नेटवर्क गेलं, की स्क्रीनवर 'आपका नंबर पक्का है' यायचं आणि इस्पितळाच्या यादीत नावच नसायचं. सातांपैकी पाच वेळा. फोटो जोडून तिनं कळवलं होतं. निमिषनं मशीनवरच्या आपोआप चाचण्या चालवल्या, 'पास'च्या चारशे बारा हिरव्या खुणा दाखवल्या आणि तक्रार बंद केली. "मशीन चुकत नाही, ताई," तो हसत म्हणाला होता. ऑफिसच्या वायफायवर कशाला चुकेल, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ती गप्प बसली होती.

परवा चुनारच्या अन्नपूर्णादेवी आयसीयूत गेल्या. आठवड्यात दोनदा फोनवरचा 'पक्का' नंबर दाखवूनही, यादीत नाव नाही म्हणून इस्पितळातून परत गेल्या होत्या. तिसऱ्यांदा आणलं तेव्हा छातीत पाणी भरलेलं.

"तुमची नोकरी जाणार नाही, मी बघतो," निमिष हळू आवाजात म्हणाला. "मानवी चूक म्हटलं की विषय मिटतो. क्लायंट टिकतो."

"मानवी चूक?" मालविका उठून उभी राहिली. "माणसानं पकडलेली चूक आहे ती! माणसानंच दाबली. तू. आणि मी मुकाट राहिले, तेवढी माझी. ती हवी तर लिहून देते."

"ताई, आवाज..."

"नऊ वर्षं हळूच बोलले, भैया. आता नाही."

तिनं स्वतःच्या तक्रारीची प्रत छापून घेतली. त्यावर तारीख होती, फोटो होते, निमिषचा 'बंद' असा शेरा होता. गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या टेबलावर ठेवलं आणि रिक्षा करून ती थेट इस्पितळात गेली.

अधीक्षकांनी कागद दोनदा वाचला. तिच्यासमोरच फोन उचलून त्यांनी ॲप बंद करायला सांगितलं आणि उद्यापासून नावं वहीत घ्या, असं बजावलं.

आयसीयूबाहेर अन्नपूर्णादेवींची मुलगी रुची बाकावर बसली होती. मालविकानं दुसरी प्रत तिच्या हातात दिली. रुचीनं ती सावकाश, बोट फिरवत वाचली.

"आपको पहले से पता था?"

"हाँ."

"आप कंपनी से हैं?"

"थी. आज सबेरे तक."

रुचीनं बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिला बसायला जागा देत थोडी बाजूला सरकली.