पुसून न जाणारा गारा

मी गारा बोलतोय. आभाळातून पडतात त्या गारा नव्हेत. पुस्तकात ज्याला चिखल म्हणतात, तो. फैजपुरात आम्हाला गाराच म्हणतात, आणि म्हणताना नाक मुरडतात.

त्यातही मी शेतातला नाही. हेमराजच्या कॉम्प्युटरवर किल्ला बांधायचा एक खेळ आहे, त्यातला. तुम्ही आता हसाल. हसा. मला सवय आहे.

हेमराज कॉलेज अर्धवट सोडून घरी बसलाय. डोंगराच्या पोटात दगड फोडून त्यानं बुटक्या माणसांचा किल्ला बांधला. विहिरीसाठी नदीचं पाणी आत घेतलं आणि दार लावायला विसरला. कोठारात पाणी भरलं. मग ते ओसरलं आणि कोरड्या दगडावर मी उरलो. असा माझा जन्म. कुणी पेढे वाटले नाहीत.

उलट हेमराजनं हुकूम सोडला, बठ्ठा गारा पुसून काढा. सगळाच्या सगळा.

पोराला दोष तरी किती द्यायचा? त्याच्या घरात तेच शिकवतात. त्याचे वडील लीलाधरनाना. केळीच्या बागेवर घर उभं राहिलं, आणि घर उभं राहताच नानांनी अंगणभर फरशी घातली. गाऱ्यानं जेवू घातलं आणि गाऱ्यालाच दाराबाहेर ठेवलं. नाना स्वतः बांधावर उभे राहून मजुरांना ओरडतात. दारात पायपुसणं, ओट्यावर दुसरं पायपुसणं. मोठ्या माणसांचा मला म्हणूनच संशय येतो. ज्याच्यातून वर आले, ते आधी पुसतात.

हेमराजला नानांच्या शेताची खालची पट्टी हवी होती. एका हंगामापुरती, स्वतः कसायला. त्यानं मागितली तेव्हा नाना त्याच्या खुर्चीमागे उभे होते. पडद्यावर बुटके भुकेनं कोलमडत होते.

"हे काय होऊन राह्यलं?" नानांनी विचारलं.

"उपाशी हायेत."

"मंग पह्यले त्याइले जेवू घाल. खेळातले माणसं जगवता येत नाही तुले, अन् वावर मागतो."

हेमराजचे कान लाल झालेले मला दिसले.

किल्ल्यात बियांची पोती पडून होती. पेरायला गेलं की खेळ सांगायचा, इथे माती नाही. आणि तेच उपाशी बुटके फडकी घेऊन मला पुसत होते. त्यांचा म्हातारा म्होरक्या तेवढ्यात स्वतःसाठी घासलेल्या दगडाची खुर्ची मागत होता. लोक मरताहेत आणि याला खुर्ची. म्हणजे आतही तेच, बाहेरही तेच.

मी एका पिंपामागे दडून बसलो. तेवढाच कोपरा त्यांच्या हातून सुटला होता. तिथे माझ्यावर एक आळंबी उगवली. कुणी लावली नव्हती.

हेमराजनं नाक पडद्याला टेकवलं. "अरे," तो स्वतःशीच म्हणाला, "हा तं गाळ हाय."

बघा, मी तोच. गारा म्हटलं की पुसायचं, गाळ म्हटलं की पेरायचं. त्यानं हुकूम मागे घेतला. कोठारात पुन्हा पाणी सोडलं, या वेळी मुद्दाम. मी पसरलो. बुटक्यांनी बी टाकलं.

पीक तयार झालं त्या दुपारी खालच्या पट्टीत ठिबकची नळी फुटली. नानांनी हेमराजला धाडलं. तो परतला तो दोन्ही पायपुसणी ओलांडून थेट पडद्यापाशी. फरशीवर पावलं उमटली.

"पाय पूस, बे."

"नाना, हे पाहा. जेवून राह्यले." त्यानं बोट टेकवलं. पडद्याच्या काचेवर खऱ्या गाऱ्याचा ठसा उठला, अगदी माझ्या शेजारी.

नानांनी खांद्यावरचं फडकं काढलं. ठसा पुसला. मग माझ्यावर घासायला लागले. घासलं, थुंकी लावली, पुन्हा घासलं.

"हा काही निघून नाही राह्यला."

"तो आतला हाय, नाना. त्याच्यावरच पिकलं."

नानांचा हात थांबला. ते पडद्यापाशी वाकले. बुटके जेवत होते. म्होरक्या घासलेल्या खुर्चीविनाच जेवत होता.

"सकाळी खालच्या पट्टीत जाय मंग," नाना म्हणाले. "बूट घालून जाजो."

आता हेमराज दिवसभर वावरात असतो. खेळ थांबवून ठेवलाय, पडदा चालूच आहे. त्याच्या शेतात माझा खरा भाऊ आहे, त्याचं बरं चालू असावं. तरी माझा भरवसा नाही. पोट भरलं की फरशी सुचते, हे या घरात एकदा झालंय. हेमराजही उद्या नाना होईल.

तेव्हा एवढंच सांगतो. मला पुसायला वाकाल तेव्हा वाकल्यासारखं नीट बघा, काही उगवलंय का.

नाना रोज दुपारी येतात. पडद्यासमोर उभे राहतात. फडकं खांद्यावर असतं. माझं लक्ष त्या फडक्यावर आहे.