काठावरचा खांब

मी एक चौकट बोलतेय. दाराखिडकीची नाही, व्हिडिओ जुळवायच्या सॉफ्टवेअरमधली. चित्र हललं की मी ते धरून ठेवते. पण धरायचं तर जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की कडा कापल्या जातात. त्याला माझा इलाज नाही.

तेगुसिगाल्पा शहराच्या डोंगरउतारावर दामारिसच्या जुन्या लॅपटॉपमध्ये मी राहते. आधी ती लोकांच्या पोरींच्या पंधराव्या वाढदिवसाचे व्हिडिओ करायची; इथे तो लग्नासारखा थाटात, नाचगाण्यात होतो. गिरक्या घेणाऱ्या किती पोरी मी सावरल्या! आता तिचं बाळ, नेफ्ताली, एवढंच माझं काम.

नवरा सेल्विन उत्तरेकडे परदेशात कामाला आहे. त्याने बाळाला अजून हातात घेतलेलं नाही. म्हणून दर महिन्याला दामारिस बाळाला घेऊन मागच्या दारात बसते आणि सासूबाई, एउलोखिया, मोबाईलवर व्हिडिओ काढतात. सगळे महिने जोडून पहिल्या वाढदिवसाला बापाला पाठवायचे.

दारामागे डोंगराचा चढ, चढावर विजेचा खांब. एका महिन्यात तो कललेला दिसला.

"आई, फोन सरळ धरत जा हो."

"मक्याची भाकरी डोळे मिटून गोल थापते मी. हात वाकडा असेल होय माझा? तुझं ते डबडंच वाकडं."

दामारिस हसली. मला फिरवून तिने खांब उभा केला, तर दार तिरकं झालं. पुढच्या महिन्यात खांब आणखी कलला. हात हलला तर सगळं चित्र एकदम हलतं. इथे दार जागेवर होतं, खांब एकटाच झुकत होता. मला दिसत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

तशी ती फार काळजीची बाई. बाटली दोनदा उकळते, झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघते. पाळणा मागच्या खोलीत, चढाकडच्या भिंतीला लागून ठेवलाय, तिथे गारवा असतो म्हणून. शेवटी वैतागून तिने मला बाळाच्या तोंडावर आणून बसवलं. खांब गेला, दारही गेलं. राहिलं बाळाचं हसू, अगदी स्थिर.

आज सेल्विनने व्हिडिओ पाहिला.

"पोरगं माझ्यावर गेलंय," तो फोनवर म्हणाला. "पण आपला खांब कुठंय गं? माझे पतंग अडकायचे त्याला. घर दाखव की जरा."

"घर काय बघायचंय? पोरगं बघ."

मागून सासूबाईंची हाक आली. "दामारिस, मागच्या दाराची कडी कालपासून बसतच नाही बघ."

"लाकूड फुगलं असेल, आई."

दामारिस, मला एकदा मागे ओढ. पूर्ण चित्र बघ, बाई, चढच घराकडे सरकतोय.

ती उठली. बाळाची झोप मोडू नये म्हणून पावलं न वाजवता मागच्या खोलीत गेली, आणि दार हलू नये म्हणून कडीला दोरी घट्ट आवळून बांधली.