घर विकायला मला उलटा पुरलं

मी एक जुना प्लास्टरचा पुतळा आहे. संत जोसेफ म्हणतात मला. मित्रांनो, माझे नाकडोळे शोधू नका, ते आता नाहीत. ते कसे गेले, हे सांगतानासुद्धा मला ओशाळल्यासारखं होतं.

अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहराच्या दक्षिण भागात एका पोलिश कारागिराच्या शेडमध्ये मी साच्यातून निघालो. तपकिरी झगा, हातात सुताराचा गुण्या. माझी मालकीण बर्नाडीन, तिच्या लग्नात तिच्या आईनं मला तिच्या हाती दिलं. तेव्हापासून मी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा होतो. मुलांच्या परीक्षा, नवऱ्याची नोकरी, सगळ्यांसाठी तिनं मला हात जोडले. पाहुणे म्हणायचे, काय शांत चेहरा आहे याचा! मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

लेन, म्हणजे तिचा नवरा, वारला. मग तिचे गुडघे गेले. बहिणीच्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली मिळत होती, पण आधी हे घर विकायला हवं होतं. घरं विकून देण्याचं काम तिची भाची कर्स्टनच करायची. ती आली, चार खोल्या फिरली आणि म्हणाली, "आत्या, हल्लीच्या पोरांना हे असलं नको असतं गं."

फुलाफुलांचा कागद भिंतीवरून उतरला आणि राखाडी रंग चढला. कुटुंबाचे फोटो खोक्यात गेले. वास येतो म्हणून कोबी शिजवायला बंदी झाली, त्याऐवजी पातेल्यात दालचिनी उकळू लागली. तळघराची तर खेळखोली झाली: पांढरा गालिचा, लाकडी ठोकळे, इवलीशी खुर्ची. कर्स्टन मनापासून राबली, तिला नावं ठेवणार नाही.

काम आटोपल्यावर तिनं सहज विचारलं, तळघरात पाणी येतं का?

बर्नाडीन बशी पुसत होती. "गेल्या वर्षी तर थेंब आला नाही," ती म्हणाली.

ते खरंच होतं. गेला वसंत कोरडा गेला होता. पण त्याआधी दर एप्रिलला, बर्फ वितळला की लेन तळघरात बादली घेऊन बसायचा, हे तिला माहीत होतं आणि मलाही. अर्धं खरं सांगून तिनं माझं तोंड काचेकडे फिरवलं. मी सुतारांचा संत, घर कशावर उभं आहे हे मला कळायला हवं. मी गप्प राहिलो. पुतळ्याला बोलता येत नाही, ही सबब मलाच पटत नाही.

आमच्याकडे घर विकायचं असलं की जोसेफला अंगणात उलटा पुरतात, तोंड घराकडे करून. विकलं की काढून नव्या घरी मानानं ठेवतात. शहाणे लोक यासाठी दुकानातला प्लास्टिकचा जोसेफ आणतात. बर्नाडीन म्हणाली, प्लास्टिकचा संत कसला पावतो! तिनं मलाच पुरलं, तेही नेमकं पन्हळीखाली, भिंतीला लागून.

डोकं खाली, पाय वर. आत घर बघायला मॅलरी आणि डेव्हिन नावाचं तरुण जोडपं आलं. तिला सहावा महिना होता. तळघराच्या खिडकीतून तिचा आवाज आला, "बाळ इथंच रांगेल." गुरुवारी पुन्हा येऊन पक्कं करायचं ठरलं. मी मातीत मेल्याहून मेल्यासारखा झालो.

मंगळवारी पाऊस लागला. पन्हळीचं पाणी माझ्या अंगावरून भिंतीकडे निघालं. आधी रंग गेला, मग नाक, मग डोळे. ते पाणी कुठं चाललंय हे मला पक्कं ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी माझ्या काळजीनं बर्नाडीननं मला उकरून काढलं. चिखलाचा गोळा झालो होतो. धुवायला ती मला तळघराच्या नळाशी घेऊन गेली आणि गालिच्यावर तिची सपात पचकन बुडाली. ती पायरीवर बसली. मला मांडीवर घेऊन बराच वेळ रडली.

गुरुवारी कर्स्टन त्या जोडप्याला घेऊन आली. बर्नाडीननं वाकून, गुडघे दुखत असताना, गालिच्याचा कोपरा उचलला.

"दर एप्रिलला इथं पाणी येतं," ती म्हणाली. "माझ्या लेननं चाळीस वर्षं ते उपसलं. मी लपवलं. पोरी, तुझं बाळ या ओलीत रांगलं असतं."

कर्स्टन लालबुंद झाली. डेव्हिननं भिंतीवर अंगठा दाबला, तो रंगात रुतला. मॅलरी जिन्यापर्यंत गेली. तिथं थांबून म्हणाली, "आजी, आणखी काय काय झाकलंय, तेही सांगा."

मग वर टेबलाशी बसून बर्नाडीननं सगळं सांगितलं: कुठली खिडकी अडते, छपराला कुठं ठिगळ आहे. ती दोघं ऐकून, सही न करता निघून गेली. विचार करून कळवतो म्हणाली. अजून कळवलेलं नाही. बहिणीच्या इमारतीतली खोली जूनपर्यंतच थांबणार आहे.

मित्रांनो, घर जरूर रंगवा, सजवा. पण जिथं ओल आहे तिथं गालिचा घालू नका, आणि घातलाच तर माझ्यासारख्याला मदतीला बोलावू नका.

बर्नाडीननं मला पुन्हा खिडकीत ठेवलंय, सरळ, आणि तोंड घराच्या आत करून. तोंड म्हणजे काय, एक पांढरा गोळा. पण आता बशा पुसताना ती माझ्याकडे बघते.